निवृत्तीचे पैसे आणि पहिले साठ दिवस : काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

दर ३१ मेनंतर माझ्याकडचं काम वाढतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेली एक अख्खी पिढी त्या दिवशी एकदम निवृत्त होते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यातले बरेच जण कागदांची पिशवी घेऊन प्राप्तिकराचं विचारायला येतात. पिशवी उघडली की क्रम कळतो. आधी भाच्याला शब्द दिला, मग बँकेतल्या पोरानं दाखवलं तिथे सह्या केल्या, मग प्लॉटचा इसार दिला आणि सगळ्यात शेवटी वहीत हिशेब मांडला. हिशेब बहुधा बरोबर असतो, फक्त तो करायला उशीर झालेला असतो.

या माणसांना व्याज कळत नाही असं मुळीच नाही. तीस-बत्तीस वर्षं एका पगारात घर चालवलेली ही माणसं आहेत. पण खात्यात चाळीस लाख एकदम दिसले की सुटल्याचा आनंद, मुलांसाठी काही केलं नाही ही टोचणी, नातेवाइकांची भीड आणि आता पगार नाही ही धास्ती, सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं. त्या महिन्यात केलेली सही पुढची वीस वर्षं सांभाळायची असते. म्हणून खालचे टप्पे गुंतवणुकीच्या प्रकारांप्रमाणे लावलेले नाहीत. कोणती भावना कधी गाठते, त्याप्रमाणे लावले आहेत.

डोळ्यासमोर आहेत ते १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेले, जुनी पेन्शन असलेले राज्य सरकारी आणि अनुदानित शाळांतले लोक. एनपीएसवाल्यांनी, म्हणजे नंतर लागलेल्या, नव्या पेन्शन योजनेतल्या लोकांनी, पहिला टप्पा सोडून द्यावा, बाकीचं त्यांनाही लागू पडेल.

आकड्यांसाठी एक काल्पनिक घर धरू. माध्यमिक शिक्षक, वय ५८, शेवटचं मूळ वेतन ७० हजार. ग्रॅच्युइटीचे १७ लाख, पेन्शन विकून आलेले १४ लाख, जीपीएफचे, म्हणजे पगारातून कापून साठलेल्या भविष्य निर्वाह निधीचे, १२ लाख, एकूण ४३ लाख. महागाई भत्ता धरून हातात पडणारी पेन्शन ४० हजार, घरखर्च ४६ हजार.

## तयारी : निवृत्तीच्या दोन महिने आधी

तीन गोष्टी निरोप समारंभाच्या आधीच तयार हव्यात. शाल-श्रीफळ घेतल्यावर सुचत नाही.

एक दोनशे पानी वही. मोबाइलमधली नोंद चालणार नाही. ती घरातल्या दुसऱ्या माणसाला दिसत नाही आणि आपणही ती परत उघडत नाही.

पेन्शनच्या खात्याव्यतिरिक्त एक बचत खातं, शक्यतो दुसऱ्या बँकेत, नवरा-बायको दोघांच्या नावे. पेन्शन खात्यावर मोठी रक्कम जमा झाल्याचं शाखेतल्या लोकांना तुमच्या आधी कळतं आणि चहा-बिस्किटांसह बोलावणं येतं. रक्कम दुसरीकडे हलवली की ते बोलावणं निम्म्यानं कमी होतं.

आणि एक वाक्य. ते पाठच करायचं: "पैसे दोन महिन्यांसाठी ठेवीत टाकलेत, तोवर आम्ही दोघांनी कशालाच हात लावायचा नाही असं ठरवलंय." यातलं "दोघांनी" महत्त्वाचं आहे. एकट्या माणसाचा नकार लोक उद्धटपणा समजतात. घरात ठरलेली गोष्ट ते मानतात.

तपासा : शेवटच्या सहा महिन्यांचा घरखर्च वहीत लिहिला आहे का? अंदाजे नको. गॅस, किराणा, औषधं, पेपर, फंडाची वर्गणी, नातवाच्या वाढदिवसाचं पाकीट, सगळं हवं. आमच्या उदाहरणातले ४६ हजार असेच निघाले. मनातला आकडा ३५ हजारांचा होता.

## टप्पा १. पेन्शन विकायची की नाही

हा निर्णय निवृत्तीच्या कागदांबरोबरच मागितला जातो, म्हणून तो पहिला. मूळ पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो. महागाई भत्ता मात्र न विकलेली पूर्ण पेन्शन धरूनच मिळत राहतो.

आमच्या शिक्षकांची मूळ पेन्शन ३५ हजार. त्यातले १४ हजार विकले, हातात साधारण १४ लाख आले. पंधरा वर्षांत सोडलेल्या पेन्शनची बेरीज होते २५ लाख २० हजार. ही बेरीज ऐकून काही जण घाबरतात आणि विकतच नाहीत, तर १४ लाखांचा गठ्ठा पाहून काही जण डोळे झाकून विकतात. दोन्हीकडे आकड्याचा आकारच बोलत असतो. व्याजाच्या भाषेत मांडलं तर हे स्वतःच्याच पेन्शनवर साडेआठ-पावणेनऊ टक्क्यांनी काढलेलं कर्ज आहे. त्याहून महाग गृहकर्ज किंवा पतसंस्थेचं कर्ज अंगावर असेल तर विकून ते फेडणं योग्य. मध्येच निवृत्तिवेतनधारक गेला तर कुटुंबनिवृत्तिवेतन या विक्रीमुळे घटत नाही, ही दुसरी जमेची बाजू. पण पैसे घेऊन ते सात टक्क्यांच्या एफडीत टाकणार असाल, तर व्यवहार उलटा झाला.

सावध : "सगळेच विकतात" हे कारण वहीत लिहून बघा. लिहिताना हात थांबतो.

## टप्पा २. पैसे आल्याचा दिवस ते साठावा दिवस : गाडी थांब्यावर

रक्कम एकदम येत नाही. जीपीएफ आधी, ग्रॅच्युइटी नंतर, कधी तर काही महिन्यांनी. जी रक्कम येईल ती त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्यावर न्यायची आणि दोन महिन्यांच्या मुदत ठेवी करायच्या. एकच मोठी पावती नको, चार-पाच करा. एखादी मोडावी लागली तर बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं. ठेव आपोआप नूतनीकरण होऊ नये, असं अर्जावर आठवणीनं लिहा.

या काळात व्याज थोडं कमी मिळतं. चाळीस लाखांवर एक टक्का कमी म्हटलं तरी दोन महिन्यांत सहा-सात हजार. डोकं जागेवर येण्याची ही फी समजा. जगात याहून स्वस्तात ती मिळत नाही.

साठच दिवस का, नव्वद का नाहीत? कारण एक घड्याळ तुमच्याविरुद्ध चालू असतं. पोस्टातली आणि बँकांतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ वर्षांनंतर कधीही घेता येते, पण ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते खातं उघडावं लागतं. सोबत कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. दाखल्यासाठी लिपिकाकडे चार हेलपाटे धरा. "नीट विचार करून टाकू" म्हणत चौथा महिना उजाडला की ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस साठीपर्यंत बाहेर. घाई जशी नडते तशी चालढकलही नडते आणि गंमत अशी की, दोन्ही एकाच माणसाकडून होतात: प्लॉटची घाई, पोस्टाची चालढकल.

तपासा : दाखल्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात दिला का? त्याची पोच आहे का?

सावध : या साठ दिवसांत परत न फिरवता येणारी एकही सही नाही. साठेखत, बक्षीसपत्र, विमा पॉलिसी, जामीनपत्र, काही नाही. राहतं घर मुलांच्या नावे करण्याचा उमाळा याच दिवसांत येतो. नोंदवलेलं बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय आहे, पण अट दस्तातच लिहिलेली असेल तर वाद कमी. "लिहायचं कसं, वाईट दिसतं" म्हणून ती लिहिली जात नाही.

## टप्पा ३. पैशांवरची नावं पुसा, नवी लिहा

बहुतेक जण इथेच अडखळतात. मनात प्रत्येक रकमेला एक लेबल असतं. जीपीएफ म्हणजे पोटाला चिमटा काढून साठवलेले, म्हणून पवित्र, पोस्टात जाणार. ग्रॅच्युइटी म्हणजे सरकारनं दिलेले, जरा मोकळ्या हातानं खर्चायचे. पेन्शन विकून आलेले तर जवळजवळ लॉटरी, म्हणून गाडी. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानं या सवयीला मनातल्या खात्यांचं नाव दिलं. आपल्या आया हेच डब्यांत करायच्या, दुधाचा डबा वेगळा आणि भिशीचा वेगळा. डबे वाईट नाहीत. फक्त पैसा कुठून आला यावरून डबा ठरवायचा नाही, तो कुठे जायचाय यावरून ठरवायचा.

वहीच्या एका पानावर एकूण ४३ लाख लिहा. जीपीएफ, ग्रॅच्युइटी हे शब्द त्या पानावर येऊ देऊ नका. मग या क्रमानं वजा करत जा.

पहिला डबा पुढच्या वर्षाचा. पेन्शन आणि खर्च यातला फरक महिना सहा हजार, वर्षाला ७२ हजार. त्यात घराची गळती, दात, एखादं लग्नकार्य धरून ३ लाख. हे बचत खात्यात आणि छोट्या ठेवीत.

दुसरा आजारपणाचा, ६ लाख. आरोग्यविमा असला तरी हा डबा लागतो, कारण दवाखाना आधी पैसे भरायला सांगतो.

तिसरा शब्द दिलेल्या गोष्टींचा. मुलीचं लग्न, ८ लाख. आकडा आत्ताच लिहा. लग्न ठरल्यावर हॉल पाहताना लिहिलेला आकडा कधीच खरा नसतो.

४३ मधून १७ गेले, उरले २६ लाख. "माझ्याकडे ४३ लाख आहेत" असं म्हणणारा आणि "माझ्याकडे २६ लाख आहेत" असं म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात अगदी वेगळे निर्णय घेतो. आधी २६ वर या, मग लोकांना भेटा.

त्यातले २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. कमाल मर्यादा माणशी ३० लाख. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता आणि खातं उघडताना असेल तो दर पाच वर्षं टिकतो. म्हणजे वर्षाला १ लाख ६४ हजार, दर तिमाहीला ४१ हजार. सहा हजारांची तूट भरून दर महिन्याला साडेसात हजारांवर शिल्लक राहते. ५ लाख लांबच्या मुदतीसाठी, त्याचं टप्पा ६ मध्ये पाहू.

आणि १ लाख चैनीचा. हा डबा मी आग्रहानं ठेवायला लावतो. चारधाम असो, नवा टीव्ही असो, बायकोच्या पाटल्या असोत. मन मारून ठेवलेला माणूस सहा महिन्यांनी एकदम साडेचार लाखांची गाडी घेतो, हे मी पाहिलं आहे.

तपासा : पान बायकोला, किंवा नवऱ्याला, वाचून दाखवलं का? ती म्हणाली, "आणि माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं?" तर दुसरा डबा पुन्हा मांडा.

## टप्पा ४. भीड

भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणत. निवृत्तांचे पैसे शेअर बाजारात बुडतात त्याहून जास्त भिडेत बुडतात, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. माझ्याकडे त्याची आकडेवारी नाही, पिशव्या आहेत.

मागणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. त्याची अडचण खरी असते, म्हणून तर नाही म्हणवत नाही. "मामा, फक्त दोन महिन्यांसाठी" म्हणणारा भाचा दोन महिन्यांत देणार असं स्वतःलाच पटवून आलेला असतो. तुमच्या डोक्यात त्या वेळी पैसे नसतातच, बहिणीचा चेहरा असतो.

मागणी आली की हा क्रम ठेवा.

(क) जागेवर उत्तर द्यायचं नाही. हो नाही, नाही पण नाही. पाठ केलेलं वाक्य म्हणायचं आणि चहा विचारायचा. समोर माणूस बसलेला असताना नकाराची किंमत फार मोठी वाटते. तो गेल्यावर तासाभरात ती उतरते.

(ख) रात्री वहीत चार ओळी लिहायच्या. किती मागितले? परत आलेच नाहीत तर कोणता डबा रिकामा होईल? नाही म्हटलं तर नेमकं काय बिघडेल? आणि हीच अडचण घेऊन शेजारचा आला असता तर दिले असते का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं, तर तुम्ही देताय ते नात्याचे पैसे आहेत. मग ते उसने म्हणू नका.

(ग) म्हणून रक्कम अशी ठरवा की ती बुडाली तरी बहिणीच्या घरी जेवायला जाता येईल. दोन लाख मागणाऱ्याला "पंचवीस हजार देतो, परत नको" असं सांगून पाहा. समोरच्यालाही बरेचदा ते सोयीचं वाटतं आणि दोन दिवाळ्या एकमेकांची नजर चुकवावी लागत नाही.

(घ) खरोखर उसनेच द्यायचे असतील तर बँकेतून द्या आणि साध्या कागदावर रक्कम, तारीख, परतीची तारीख, दोघांच्या सह्या घ्या. वीस हजार आणि त्यापुढची उसनवारी रोखीत करणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, हे सांगितलं की कागदाचा विषय काढणं सोपं जातं: "अरे, ते कर सल्लागार ऐकत नाहीत." माझ्यावर ढकला, माझी हरकत नाही. पैशांच्या वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. भिडेपोटी चौथ्या वर्षी वकिलाकडे जाणारे पुष्कळ.

सावध : जामीन राहू नका. "पैसे द्यायचे नाहीत, नुसती सही तर करायची आहे" हे वाक्य भिडेला फार सोपं पडतं, म्हणूनच ते घातक. कर्जदाराइतकीच पूर्ण जबाबदारी जामीनदाराची असते. बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागायचं बंधन नसतं, आणि दर महिन्याला नक्की पैसे येतात असं तुमचं पेन्शन खातं तिला समोर दिसत असतं.

मुलांचं प्रकरण वेगळं. पुण्यातल्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी मुलगा मागतो किंवा मागत नाही, आपणच पुढे होतो. "माझ्या बापानं मला काही दिलं नाही, मी देतो." यात वाईट काही नाही. फक्त द्यायचे ते २६ लाखांतून, आजारपणाच्या डब्यातून कधीच नाही. आणि देताना दोनपैकी एक स्पष्ट करा: ही भेट आहे, किंवा करारनाम्यावर आमचंही नाव. मधली धूसर अवस्था, म्हणजे "आपलंच आहे की सगळं", सुनेच्या आणि मुलीच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या अर्थांनी बसते. मुलाला दिले हे मुलीला कोणी सांगायचं, हेही त्याच रात्री ठरवा. तिला बाहेरून कळलं तर रकमेपेक्षा तेच जास्त लागतं.

## टप्पा ५. बारा टक्क्यांची आठवण

आज साठीत असलेल्या माणसाच्या डोक्यात व्याजाचा एक आकडा पक्का बसलाय: बारा. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत बारा टक्के मिळत होते. १९८८ मध्ये सुरू झालेलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायचं. तरुणपणी पाहिलेला दर आपल्याला "योग्य दर" वाटतो आणि आजचा दर अन्याय वाटतो. तेच किसान विकास पत्र ७.५ टक्के दरानं दुप्पट व्हायला आता ११५ महिने लागतात.

तुम्हाला चौदा टक्के देऊ म्हणणारा माणूस या आठवणीवर जगतो. पंचविशीतल्या पोराला चौदा टक्के खात्रीशीर व्याज ऐकून संशय येतो. तुम्हाला नाही येत, कारण तुम्ही ते खरोखर पाहिलेलं असतं.

म्हणून दर ऐकायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्याच्या समोर वहीत लिहायची. पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात जातील? देखरेख कोणाची: रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी, की विमा नियामक? मला उद्या परत हवे असतील तर कोणता अर्ज, किती दिवस, किती कपात?

ठेवींच्या बाबतीत एक गल्लत सारखी दिसते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. मल्टिस्टेट सोसायटीलाही नाही. पाटी चकचकीत असते, काउंटर बँकेसारखं असतं, व्यवस्थापक आपल्याच आळीतला असतो, आणि ओळखीच्या चेहऱ्यावरचा विश्वास संस्थेच्या ताळेबंदावर चिकटतो. सहकारी बँकेत मी स्वतः साडेचार लाखांच्या वर जात नाही. उरलेल्या पन्नास हजारांत व्याजाला जागा ठेवतो.

दुसरी गल्लत बँकेच्या आतच होते. "सर, तुमच्यासाठी एफडीपेक्षा चांगलं आहे." कागदावर "प्रीमियम" हा शब्द दिसला की ती ठेव नाही, विमा आहे. त्याखाली "प्रीमियम भरण्याची मुदत" शोधा. तिथे ५ किंवा १० लिहिलं असेल तर आज भरलेले पाच लाख तितकी वर्षं दरवर्षी भरायचे आहेत. हे दुसऱ्या वर्षी कळलं म्हणून माझ्यासमोर रडलेला माणूस गणिताचा शिक्षक होता.

तपासा : पॉलिसी घेऊन बसला असालच, तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. "साहेबांना वाईट वाटेल" म्हणून एकतिसावा दिवस उजाडू देऊ नका.

## टप्पा ६. बाजार पडल्यावर काय करायचं, ते बाजार चढलेला असताना लिहा

लांबच्या मुदतीचे ५ लाख. महागाई वीस वर्षं थांबत नाही, म्हणून थोडा भाग इंडेक्स फंडासारख्या (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) साध्या ठिकाणी असावा असं माझं मत. ज्याला झोप लागणार नाही त्यानं नाही ठेवला तरी चालेल, पेन्शन आहे.

ठेवायचं असेल तर महिन्याला २० हजारांनी, पंचवीस महिन्यांत. एकदम टाकलेले पाच लाख पुढच्या महिन्यात साडेचार दिसले, की दुधानं तोंड भाजलेला माणूस पुढे ताकही फुंकून पितो आणि आयुष्यभर त्या वाटेला जात नाही. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख साधारण दुपटीनं बोचतं, हे डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांच्या प्रयोगांतून दिसलं. ती बोच टाळता येत नाही, तिच्यासाठी आधी तयारी करता येते.

ती अशी. पहिला हप्ता जाण्याआधी वहीत लिहा: "बाजार तीस टक्के पडला तर मी हप्ता चालू ठेवीन, विकणार नाही, आणि महिन्यातून एकदाच, पेन्शनच्या दिवशी, आकडा बघेन." खाली सही, तारीख. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळून २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो जुन्या उच्चांकाच्या वर होता. पण दर वेळी इतक्या लवकर होत नाही. २००८ च्या जानेवारीतली पातळी परत दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली, आणि तीही टिकली नाही. म्हणून या डब्यात सात-आठ वर्षं न लागणारेच पैसे.

सावध : निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ ही स्वतंत्र जोखीम आहे. मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे सौदे, शिकवणारा कोणीतरी भेटतो, पहिल्या आठवड्यात चार हजार मिळतात आणि मग आपल्याला जमतं असं वाटू लागतं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारातल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, असं सेबीनं २०२४ मध्ये सांगितलं. वेळ जात नसेल तर भजनी मंडळ स्वस्त पडतं.

## टप्पा ७. भीतीचा फोन

छोटा टप्पा, पण एका दुपारीत सगळे डबे रिकामे करणारा. पोलीस, सीबीआय किंवा कस्टमचं नाव सांगून व्हिडिओ कॉल येतो, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाला सांगू नका." असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही. शिक्षक, लिपिक, तलाठी या माणसांनी आयुष्यभर वरिष्ठांचा आदेश पाळलेला असतो. तीच सवय इथे घात करते.

घरात नियम करा: पैशांबद्दलचा कोणताही फोन दुसऱ्या माणसाला ऐकवल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. "कोणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाज वाटून दोन दिवस घालवू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

## टप्पा ८. पंचेचाळिसावा ते साठावा दिवस : सह्यांचा पंधरवडा

आता सह्या करायच्या. क्रम असा: आधी ज्येष्ठ नागरिक योजना, कारण तिला मुदत आहे, मग आजारपणाच्या ठेवी, मग लग्नाची ठेव, मुलीच्या लग्नाच्या अंदाजे तारखेच्या आधी संपणारी, शेवटी फंडाचा हप्ता. एका दिवशी एकच. चार फॉर्म एकदम भरायला बसलं की तिसऱ्यापासून माणूस वाचणं सोडतो आणि खुणा केलेल्या जागी सह्या करत जातो.

ज्येष्ठ नागरिक योजना वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, दिलेलं मुद्दलातून वळतं होतं. पुढेही मुद्दलातून दीड किंवा एक टक्का कपात आहे. म्हणून पहिले दोन डबे आधी मांडलेले असणं गरजेचं.

प्रत्येक खात्यावर नॉमिनी लिहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. नॉमिनीचा विषय काढला की "आत्ताच काय मरतोय" म्हणून हसण्यावारी नेणारे भेटतात, फॉर्म कोरा राहतो, आणि मग बायको वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते.

तपासा : वहीच्या शेवटच्या पानावर खात्यांची यादी: कुठे, किती, कधी संपते, नॉमिनी कोण, पावती कोणत्या कपाटात. ती तुमच्या मदतीशिवाय जोडीदारानं एकदा मोठ्यानं वाचायची. अडखळली ती ओळ पुन्हा लिहायची.

ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं. पहिल्या तिमाहीला, खातं मध्येच उघडलेलं असल्यामुळे, रक्कम पूर्ण ४१ हजार नसेल. पासबुक भरून घ्या, दिवस मोजून ती बरोबर आहे का बघा आणि वहीत लिहा.